पावसाची नोंदवही आणि आज्ञावलीचे पहिले पाठ

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बार्शीटाकळी हे तालुक्याचे ठिकाण आहे. अकोला शहरास पाणी पुरविणारे काटेपूर्णा धरण याच तालुक्यात महान येथे असले, तरी तालुक्यातील बहुतेक शेती कोरडवाहू आहे. कपाशी, सोयाबीन, तूर ही पिके मृगापासून पुढे पडणाऱ्या पावसाच्या भरवशावर उभी राहतात. पाऊस किती पडला, कोणत्या दिवशी पडला आणि मध्ये किती दिवस पडला नाही, याचा येथे काटेकोर हिशेब ठेवावा लागतो. पर्जन्यमापकातील पाणी सकाळी साडेआठ वाजता मोजावयाचे आणि मागील चोवीस तासांचा आकडा मिलिमीटरमध्ये लिहावयाचा, हा भारतीय हवामानशास्त्र विभागाचा प्रघात होय. पाऊस पडलाच नसेल तर त्या दिवसाची नोंद, कार्यालयीन परिभाषेत सांगावयाचे तर, ‘निरंक’ असते. मोजणीच झाली नसेल तर रकाना कोरा राहतो. निरंक आणि कोरा यांतील भेद नोंदवही सांभाळणाऱ्या माणसास कोणी मुद्दाम समजावून द्यावा लागत नाही. संगणकास मात्र तो समजावून द्यावा लागतो, आणि असे करण्याची गरज आहे हे नवशिक्या विद्यार्थ्यास पटविणे हाच आज्ञावलीलेखनाच्या, म्हणजे प्रोग्रामिंगच्या, पहिल्या पाठांतील सर्वांत कठीण भाग होय.

महाराष्ट्रात संगणकाचा वापर शिकणाऱ्यांची संख्या आता लहान राहिलेली नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ पासून चालविलेल्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांपर्यंत संगणकवर्ग पोहोचविले. तयार साधने वापरण्याचे कौशल्य त्यातून बऱ्याच जणांच्या अंगी आले. तथापि संगणकाकडून नवे काम करवून घेण्यासाठी स्वतः आज्ञा रचणे ही निराळी विद्या आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विद्येचा परिचय माध्यमिकपूर्व टप्प्यात, म्हणजे सहावीपासूनच, व्हावा असे सुचविले आहे. पदव्युत्तर विभागांत तर कृषी, अर्थशास्त्र, भूगोल अशा विषयांचे विद्यार्थी संशोधनाची सामग्री हाताळताना प्रथमच या विद्येच्या वाटेस जातात. त्यांना शिकवावे कोठून, हा प्रश्न म्हणून केवळ संगणकशास्त्र विभागाचा राहत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर फार दिवस दिले जात असे: भाषा सोपी करा, म्हणजे अडचण दूर होईल. त्यात तथ्य होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले टिफ्रॅक हे यंत्र १९६० मध्ये कामास लागले. त्या पिढीतील यंत्रांना आज्ञा द्यावयाच्या तर यंत्राच्या अंतर्रचनेची माहिती असावीच लागे. जॉन केमेनी आणि टॉमस कर्ट्झ या गणिताच्या अध्यापकांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात बेसिक ही भाषा सुरू केली, ती विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांसही आज्ञावली लिहिता यावी या स्पष्ट हेतूने. १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट व त्यांचे सहकारी यांची लोगो ही भाषा लहान मुलांसाठी आली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली पायथन ही भाषा आज जगभर प्रथम वर्गात शिकविली जाते. व्याकरण उत्तरोत्तर सुलभ होत गेले, यात शंका नाही. पण नवशिक्यांच्या चुका त्या प्रमाणात कमी झाल्या नाहीत. अनेक देशांतील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांवर २००१ मध्ये मॅकक्रॅकन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत पहिला अभ्यासक्रम संपविलेल्या विद्यार्थ्यांची आज्ञावली रचण्याची तयारी अध्यापकांच्या अपेक्षेहून बरीच कमी आढळली. २००४ मध्ये रेमंड लिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न आणखी मागे नेला. आज्ञावली रचणे दूरच राहो, लिहून दिलेली छोटी आज्ञावली वाचून तिचा परिणाम काय होईल हे सांगणेही पुष्कळांना जमत नव्हते.

अडचण भाषेत नाही तर ती कोठे आहे, याचा शोध घेताना संशोधकांनी जे उदाहरण वारंवार वापरले ते, योगायोगाने, पावसाचेच आहे. अमेरिकेतील न्यू हेवन येथील येल विद्यापीठात एलियट सोलोवे आणि त्यांचे सहकारी १९८० नंतरच्या दशकात नवशिक्यांच्या आज्ञावलींचा अभ्यास करीत होते. त्यांनी विद्यार्थ्यांना घातलेला एक प्रश्न पुढे ‘पर्जन्यप्रश्न’ म्हणून प्रसिद्धीस आला. बायबलातील नोहाला आपले तारू केव्हा पाण्यात लोटावे हे ठरविण्यासाठी न्यू हेवनच्या पावसाची नोंद ठेवावयाची आहे, अशी त्याची गमतीदार प्रस्तावना. रोजचा पाऊस एकेक करून वाचावा. ९९९९९ हा आकडा आला की थांबावे, कारण तो पावसाचा आकडा नसून नोंदी संपल्याची खूण आहे. उणे आकडा आल्यास तो नाकारावा. शेवटी ग्राह्य दिवस किती, पावसाचे दिवस किती, दररोजची सरासरी किती आणि एका दिवसातील सर्वाधिक पाऊस किती, हे सांगावे. एवढेच काम. पण ते चुका शोधणारी ‘प्रूस्ट’ नावाची स्वतंत्र प्रणाली जॉन्सन आणि सोलोवे यांना लिहावी लागली, इतक्या तऱ्हांनी विद्यार्थी त्यात चुकत होते.

सोलोवे यांचा निष्कर्ष असा की, बेरीज करणे, मोजणे, थांबण्याची खूण ओळखणे, उणे आकडा गाळणे ही प्रत्येक युक्ती विद्यार्थ्यास सुटी सुटी येते. त्या एकमेकींत गुंफताना तो अडखळतो. त्यांच्या १९८३ च्या एका अभ्यासात याहून सूक्ष्म गोष्ट दिसून आली. माणसाची स्वाभाविक रीत ‘आकडा घे, मग त्याचे काय करावयाचे ते कर’ अशी असते. त्या वेळी शिकविल्या जाणाऱ्या पास्कल भाषेतील आवर्तनाची रचना मात्र आधीच घेतलेल्या आकड्यावर काम करून मग पुढचा आकडा घ्यावा अशी सक्ती करी. आवर्तनाच्या मधूनच बाहेर पडण्याची सोय दिल्यावर अधिक विद्यार्थ्यांची उत्तरे बरोबर आली. म्हणजे भाषेचा काहीच दोष नसतो असे नाही. पण तो दोष व्याकरणातील स्वल्पविरामांचा नसून विचाराच्या चालीशी भाषेची चाल जुळण्या-न-जुळण्याचा असतो. २०१४ मध्ये कॅथी फिस्लर यांनी हाच पर्जन्यप्रश्न निराळ्या घडणीच्या, फलनप्रधान भाषा शिकलेल्या विद्यार्थ्यांना दिला, तेव्हा पूर्वीच्या अभ्यासांतील चुकांपेक्षा कमी चुका आढळल्या.

या चुकांच्या मुळाशी असलेला एक समज रॉय पी यांनी १९८६ मध्ये नेमकेपणाने मांडला. यंत्रात कोठेतरी समजूतदार मन दडलेले आहे आणि आपण अर्धवट लिहिले तरी ते आपला आशय ओळखून घेईल, असे नवशिका नकळत धरून चालतो. त्याच वर्षी बेनेडिक्ट डू बुले यांनी नवशिक्यांच्या अडचणींचा आढावा घेताना असे दाखविले की, आज्ञा कोणत्या क्रमाने पाळल्या जातात, नावाखाली ठेवलेली संख्या कोठे राहते व केव्हा पुसली जाते, असे यंत्राच्या वर्तनाचे एक सुटसुटीत मानसचित्र विद्यार्थ्याजवळ असल्याखेरीज त्याला आज्ञांचा अर्थच लागत नाही. पी आणि डू बुले यांचे म्हणणे एकत्र वाचले तर पहिल्या पाठाचे उद्दिष्ट आपोआप ठरते: यंत्रास काय ठाऊक नाही, हे विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर उभे करणे. आणि हे साधावयाचे तर ज्या कामाचे उत्तर विद्यार्थी स्वतः, हाताने, खात्रीपूर्वक काढू शकतो असेच काम प्रथम घ्यावयास हवे. न्यू हेवनच्या नोहापेक्षा बार्शीटाकळीची नोंदवही या दृष्टीने सरस आहे, कारण तिच्यातील आकड्यांविषयी वऱ्हाडातल्या विद्यार्थ्याला मत असते.

उदाहरणादाखल एका आठवड्याचे कल्पित आकडे घ्यावेत. सोमवार निरंक, मंगळवार १२, बुधवार ६८, गुरुवारचा रकाना कोरा, शुक्रवार २, शनिवार ६५, रविवार निरंक. त्यानंतर समाप्तीची खूण म्हणून ९९९९९. सरासरी काढणारी आज्ञावली कोणत्याही भाषेत लिहिण्यापूर्वी साध्या मराठीत अशी लिहिता येईल:

बेरीज ← ०
दिवस ← ०
पहिली नोंद घ्या
नोंद ९९९९९ नाही, तोवर पुढील गोष्टी पुनःपुन्हा करा:
    नोंद कोरी नसेल, तर
        बेरीज ← बेरीज + नोंद
        दिवस ← दिवस + १
    पुढील नोंद घ्या
दिवस शून्याहून अधिक असतील, तर बेरीज ÷ दिवस सांगा
नाही तर ‘सरासरी काढता येत नाही’ असे सांगा

बाण मुद्दाम घातला आहे. बहुतेक भाषांत त्या जागी बरोबरीचे चिन्ह असते आणि शालेय बीजगणित शिकून आलेला विद्यार्थी तेथेच ठेचाळतो; ‘बेरीज = बेरीज + नोंद’ हे समीकरण मानले तर नोंद शून्यच असली पाहिजे, आणि त्याचे हे म्हणणे बीजगणिताच्या दृष्टीने बिनचूक असते. जमाखर्चाच्या वहीतील ‘मागील पानावरून पुढे’ ही ओळ येथे उपयोगी पडते. मागची बेरीज आणावयाची, तीत नवी रक्कम मिळवावयाची आणि आलेली संख्या पुन्हा बेरीज म्हणूनच पुढे न्यावयाची. उपमेची मर्यादाही त्याच तासाला सांगून टाकावी. वहीत मागच्या पानावरची बेरीज जागच्या जागी राहते. यंत्रात ती पुसली जाते. एका नावाखाली जुन्या-नव्या सर्वच संख्या साठून राहतात, असे समजणारे विद्यार्थी डू बुले यांना आढळले होते.

यानंतर यंत्राकडे न वळता कागदावर मागोवा घ्यावा. प्रत्येक नोंदीनंतर ‘बेरीज’ काय आणि ‘दिवस’ किती, हे विद्यार्थ्याने स्वतः लिहावयाचे. वरील आकड्यांसाठी बेरीज अनुक्रमे ०, १२, ८०, ८०, ८२, १४७, १४७ अशी, आणि दिवस १, २, ३, ३, ४, ५, ६ असे चालतात, सरासरी २४.५ मिलिमीटर. गुरुवारी दोन्ही संख्या जागच्या जागी थांबतात, सोमवारी व रविवारी मात्र बेरीज थांबते आणि दिवस पुढे सरकतो. निरंक आणि कोरा यांतील भेद कोष्टकात असा डोळ्यांना दिसतो. हे काम कंटाळवाणे आहे, आणि पुष्कळ अध्यापक ते गाळून विद्यार्थ्यांना लगेच यंत्रासमोर बसवितात. लिस्टर यांच्या निष्कर्षानंतर तरी या घाईचे समर्थन करणे कठीण आहे.

मग बरोबर आज्ञावली हळूहळू बिघडवावी. विद्यार्थी बिघाडातून जितके शिकतो तितके बरोबर उत्तरातून शिकत नाही. खूण तपासण्यापूर्वीच आकडा बेरजेत मिळविला, तर ९९९९९ ही संख्याही पाऊस ठरते. बेरीज १,००,१४६ होते, दिवस ७ होतात आणि सरासरी १४,३०६.५७ मिलिमीटर येते. रोज चौदा मीटरहून अधिक पाऊस! ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरीने एक मीटरही पाऊस होत नाही, तेथला विद्यार्थी या उत्तरावर हसतो. यंत्र हसत नाही, हे त्याने त्याच क्षणी पाहिलेले असते. समाप्तीची खूण म्हणून कोणी ९९९९९ ऐवजी शून्य निवडले, तर सोमवारच्या निरंक नोंदीवरच काम थांबते आणि शून्याने भागण्याचा प्रसंग येतो. शून्य दिवसांची ही शक्यता विद्यार्थी हटकून विसरतात. एखाद्या महिन्यात मापकच बंद पडला, तर सरासरी शून्य नसते, ती नसतेच.

याहून गंभीर प्रकार मात्र हसू न आणणारा आहे. कोऱ्या रकान्याला शून्य मानले तर बेरीज तीच, १४७, राहते. दिवस ७ होतात आणि सरासरी बरोबर २१ येते. उत्तर नीटनेटके आहे, पटण्याजोगे आहे आणि चुकीचे आहे. संशोधनासाठी सामग्री हाताळणाऱ्यांनी चौदा मीटर पावसापेक्षा या एकवीस मिलिमीटरची धास्ती अधिक बाळगावी. महसूल मंडळांच्या स्तरावर बसविलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे आकडे आता थेट संगणकीय स्वरूपात मिळू लागले आहेत. पण गहाळ नोंदीच्या जागी कोठे मोकळी जागा, कोठे आडवी रेघ, तर कोठे वजा ९९९ असा आकडा लिहिण्याची पद्धत हवामानाच्या सामग्रीत जगभर आढळते. येल विद्यापीठाच्या प्रश्नातील उणे आकडा नाकारण्याची अट म्हणून कृत्रिम म्हणता येत नाही.

दुसरा पाठ सीमारेषांचा. हवामानशास्त्र विभागाच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ होय. वरच्या आठवड्यात असे दिवस तीन आहेत. शुक्रवारी पाऊस पडला, अंगण भिजले, पण तो दिवस गणनेत येत नाही. शून्याहून अधिक अशी अट लिहिणाऱ्यास उत्तर चार येते. तसेच अतिवृष्टीचे. महाराष्ट्रात पीकनुकसानीच्या मदतीसाठी महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस ही कसोटी लावली जाते. बुधवारचे ६८ निःसंशय त्यात बसतात. शनिवारचे ६५ बसतात काय? ‘पेक्षा जास्त’ असे नियम म्हणतो, म्हणून बसत नाहीत. परंतु ‘६५ वा अधिक’ असे लिहिणाऱ्या आज्ञावलीत अतिवृष्टीचे दिवस एकाऐवजी दोन होतात. एका चिन्हाचा हा फरक. पाठ्यपुस्तकांत तो किरकोळ चूक म्हणून एका ओळीत आटोपलेला असतो. मंडळाची यादी जेथे या चिन्हावर ठरते तेथे तो किरकोळ राहत नाही. कोणते चिन्ह बरोबर, हे ठरविण्याचा अधिकारही आज्ञावली लिहिणाऱ्याचा नव्हे. त्याने नियम काढून वाचावयाचा असतो.

भाषेची निवड या सर्वानंतर येते. पायथनच्या २००८ नंतरच्या आवृत्तीत नावे देवनागरीत ठेवता येतात. ‘बेरीज’ आणि ‘दिवस’ ही नावे जशीच्या तशी चालतात आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची त्यामुळे मोठी सोय होते. येथे एक विसंगती मात्र आहे. चालू आज्ञावलीला नोंद म्हणून ‘६८’ असा देवनागरी आकडा टंकित करून दिला तर पायथन तो संख्या म्हणून स्वीकारते. तोच आकडा आज्ञावलीच्या मजकुरात लिहिला तर नाकारते. आज्ञांचे मूळ शब्द इंग्रजीच राहतात, पण ते थोडे आहेत आणि महिन्याभरात अंगवळणी पडतात. त्यांच्या मराठीकरणावर शक्ती खर्च करण्यापेक्षा स्पष्टीकरण मराठीत देणे अधिक फलदायी आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील स्पोकन ट्यूटोरियल या उपक्रमाने मराठी निवेदनासह पाठ उपलब्ध केले आहेत, ते या कामी घेण्याजोगे आहेत. तयार उत्तर क्षणात लिहून देणारी कृत्रिम बुद्धीची साधने आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताशी आहेत, हेही खरे. मात्र कोऱ्या रकान्याचे काय करावयाचे हे विचारणाऱ्याने सांगितले नाही, तर त्या साधनास ते गृहीत धरावे लागते, आणि काय गृहीत धरले हे ओळखण्यास मागोवा घेण्याचीच सवय लागते.

तिसऱ्या पाठासाठी पावसाच्या खंडाचा प्रश्न घ्यावा. २०२३ चा ऑगस्ट हा देशातील १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्या खरिपात सलग २१ दिवसांच्या खंडाचा प्रश्न पीकविम्याच्या संदर्भात महाराष्ट्रभर चर्चेस आला. सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा, हे काढणारी आज्ञावली सरासरीच्या आज्ञावलीहून एकाच पायरीने कठीण आहे: चालू खंडाची मोजणी पावसाच्या दिवशी पुन्हा शून्यावर आणावी लागते. विद्यार्थ्यांना तीन दिवस निरंक, एक कोरा आणि पुन्हा चार दिवस निरंक अशा आठ दिवसांची नोंद द्यावी. कोऱ्या दिवसाने खंड तुटतो असे मानले तर उत्तर चार. तो दिवस वगळून मोजले तर सात. तो कोरडाच होता असे मानले तर आठ. कोणते मानावयाचे हे वर्गाने वाद घालून ठरवावे आणि ठरविलेले आज्ञावलीच्या आरंभी लिहून ठेवावे. याच आठ दिवसांत आणखी एक खोच आहे. पाऊस पडला की मगच चालू खंडाची तुलना आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्या खंडाशी करावयाची, असे बहुतेक विद्यार्थी लिहितात. येथे पाऊस पडतच नाही, म्हणून ती तुलना कधी होतच नाही आणि सर्वांत मोठा खंड शून्य दिवसांचा म्हणून छापला जातो. तुलनेची ती ओळ नोंदी संपल्यावर आणखी एकदा लिहावी लागते.